निरवांगीच्या एकराचे चुकलेले हप्ते

"दोन हप्तं चुकलं म्याडम. आता रान माघारी घ्यायचं. नोटीस धाडा," खुर्चीत टेकायच्या आत तात्या म्हणाले.

सणसरचे तात्या माझे जुने पक्षकार. मी बारामतीत वकिली करते, मुख्यतः जमिनीची. तात्यांचा स्वतःचा ऊस सणसरला. निरवांगीला एक एकराचा जादा तुकडा होता, तो त्यांनी निरवांगीच्याच अलकाला विकायचं ठरवलं होतं. बँक मधे नव्हती. तात्यांनीच हप्ते बांधून दिले होते, गुढीपाडव्याला एक आणि दिवाळीला एक, कारण आमच्याकडे उसाचे पैसे साधारण तेव्हाच हातात येतात.

अशा व्यवहारात आधी साठेखत होतं. साठेखत म्हणजे विक्रीचा लेखी वायदा. ताबा घेणाऱ्याला मिळतो, पण सगळे पैसे फिटून खरेदीखत होईपर्यंत सातबारा विकणाऱ्याच्याच नावावर राहतो. या साठेखतात एक अट होती: लागोपाठ दोन हप्ते चुकले तर करार रद्द आणि इसार, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, जप्त. कोर्टात अशी अट सहजासहजी टिकत नाही, पण तोवर भांडण्यात वर्षं जातात.

अलकानं इसार दोन जर्सी गाई विकून भरला होता. नवरा-बायको इतकी वर्षं लोकांची रानं वाट्यानं करत आले. स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच रान.

"तिला विचारलंत का, हप्ता का नाही आला?"

"मी का इचारू? देणाऱ्यानं यायचं असतं."

"आणि एवढी घाई कशाची?"

तात्यांनी टोपी सारखी केली. "तितनं रोडचं काम निघालंय. दुसरं गिऱ्हाईक दुप्पट द्यायला तयार हाय."

"हे आधी सांगायचं," मी म्हणाले.

समोरच्याला एकदा भेटल्याशिवाय मी नोटीस काढत नाही. नोटीस गेली की माणसं बोलायची थांबतात आणि वकील बोलायला लागतात. त्यात फी मिळते हे खरं, पण डोकंही माझंच दुखतं. मी अलकाला फोन करून बोलावलं आणि तात्यांनाही यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर वांगी घेऊन आली. तात्यांना बघून तिनं नमस्कार केला. तात्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मी सरळ विचारलं, "दोन हप्ते का थकले?"

"थकलं?" ती माझ्याकडंच बघत राहिली. "ऊस गेला की म्याडम. पाडव्याचं बी त्यातच झालं, दिवाळीचं बी."

"मला रुपाया मिळाला न्हाय," तात्या म्हणाले.

"तुमच्याच खात्यावर गेल्यात की तात्या. सातबारा तुमचा, कारखान्यात उसाची नोंद तुमच्या नावानं. मला कुठनं बिल येणार?"

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"तुमचं पैसं तुमाला पोचल्यालं मी काय सांगू? पोच तुमी द्यायची. मी तर वाट बघत हुते."

देणारी पोचेची वाट बघत होती आणि घेणारा माणसाची. मला हसू येत होतं, पण अलकाच्या रानाचा प्रश्न होता, म्हणून मी ते आवरलं.

आता पैसे गेले कुठे? ऊस ज्याच्या नावानं नोंदवला, बिल त्याच्या नावानं निघतं. त्याचं गावच्या पतपुरवठा सोसायटीचं पीककर्ज असेल तर ते कारखाना बिलातून परस्पर कापून देतो. मी तात्यांना विचारलं, "यंदा तुमच्या उसातनं सोसायटीची कपात किती झाली?"

तात्यांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "झालीच न्हाय. सणसरचं बिल पुरं आलं. घराला रंग दिला त्यातनं. म्हटलं, सोसायटीवालं इसरलं..." आणि त्यांनी अलकाकडं बघितलं.

आम्ही तिघं सोसायटीत गेलो. सोसायटी काहीच विसरली नव्हती. निरवांगीच्या उसाचं बिल दोन्ही वेळा तात्यांच्या कर्जात वळतं झालं होतं. कर्ज वेळेत फिटलं म्हणून वर व्याजाची सवलतही तात्यांनाच मिळाली होती.

हिशेब घातला तर दोन हप्त्यांना थोडी रक्कम कमी पडत होती. "टोमॅटो निघालं की देते," अलका म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. व्याज वाचलं त्यात वळतं कर," तात्या म्हणाले.

परतताना गाडीत मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा विषय काढला. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तिच्या उसानं माझं कर्ज फिटलं, आन तिलाच रानातनं काढू व्हय? त्याला न्हाय म्हणून सांगतो." त्या दिवशी तात्या मला फार आवडले. नोटिशीची फी बुडाली तरीही.

पुढच्या हंगामापासून उसाची नोंद अलकाच्या नावानं व्हावी म्हणून तात्यांचं संमतीपत्र करून दिलं. बाकीचे हप्ते तिनं स्वतः सणसरला नेऊन दिले आणि दर वेळी समोर बसून पोच घेतली.

खरेदीखत इंदापूरला झालं. दस्त नोंदवताना अधिकारी विकणाऱ्याला विचारतात तसं त्यांनी विचारलं, "पैसे मिळाले का?"

"मिळालं," तात्या म्हणाले. "दोन हप्तं तर मला कळायच्या आधीच मिळालं."

अधिकाऱ्यांना काही कळलं नाही. अलका मात्र सही करायची थांबून पोटभर हसली.

आता हप्ते चुकले म्हणून कुणी पक्षकार तणतणत आला की मी त्याला चहा देते आणि आधी त्याच्याच बँकेत पाठवते.