दोन कॅन समुद्र

श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्याची बस मला आठवड्यातले सहा दिवस अंधारातच उचलते. उरला रविवार. तोही मी चेन्नईतल्या अड्यारच्या घरमालक काकांच्या माशांना वाहून टाकला होता.

काका तंजावरकडचे मराठी, निवृत्त शिक्षक, तळमजल्यावर एकटे. मी वरच्या खोलीत. त्यांचं मराठी बखरीतून उठून आल्यासारखं, मध्येच तमिळ. पण आठवडाभर इंग्रजीने आखडलेली माझी जीभ ते ऐकून सैल व्हायची. त्यातून आमचा व्यवहार ठरला. उजाडताना मी स्कूटरवरून बेझंटनगरचा किनारा गाठायचा, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे जाऊन स्वच्छ पाण्याचे दोन कॅन भरून आणायचे. काकांनी फिल्टर कॉफी करायची आणि माझ्याशी बोलायचं.

"दर आठवड्यास नवे पाणी हवे, कण्णा," मला लाडाने कण्णा म्हणत ते बजावायचे. "नाहीतर मासे जगणार नाहीत."

कॉफी घेऊन आम्ही टाकीसमोर बसायचो. खोलीत टाकीचा तेवढा निळा उजेड. अंगाला मीठ चिकटलेलं, डोळ्यांत झोप, आणि समोर तो मोठा केशरी मासा पाण्यात स्तब्ध उभा. कल्ले उघडून, तोंड वासून. बोटाएवढा निळा-काळा मासा नाचत नाचत यायचा आणि त्याच्या अंगावरची कीड टिपायचा, थेट तोंडात शिरून बाहेर यायचा. मोठा त्याला गिळत नसे. बघता बघता मलाच पाण्यात तरंगल्यासारखं व्हायचं. आपण चेन्नईत आहोत की आणखी कुठे, हेही विसरायला व्हायचं.

मग एकदम मोठा मासा दचकायचा.

"पारु, पारु! चावले त्यान," काका खूश होऊन म्हणायचे. पारु म्हणजे बघ. त्या छोट्याला किडीपेक्षा माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो. संधी साधून लबाड तोच ओरबाडतो. मोठा त्याच्यामागे धावायचा, दगडाआड जाऊन रुसायचा आणि थोड्या वेळाने मुकाट परत यायचा. मला त्या मोठ्याचा राग यायचा. इतकं कसलं अडलंय याचं?

एका रविवारी कॉफी पिऊन वर गेले आणि हेल्मेट काकांकडेच राहिलं म्हणून परत खाली आले. मागच्या मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. डोकावले तर काका वाकून, धापा टाकत, मी आणलेलं पाणी ओतून देत होते. पहिला कॅन रिकामा झालेला, दुसरा चालू. त्यांनी मला पाहिलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेल्मेट न घेताच वर आले. माझी एकुलती एक सुट्टी, ओले कपडे, दुखणारे खांदे, आणि हा समुद्र मोरीत! पुढचे दोन रविवार मी दार लावून झोपले. म्हणजे पडून राहिले. डोळे मिटले की तोच निळा उजेड दिसायचा आणि मराठीत कोणाशी तरी बोलावंसं वाटायचं. रागाहून ते जास्त छळायचं.

तिसऱ्या रविवारी खाली फाटक वाजलं. जिन्यातून पाहिलं तर काका रिकामे कॅन घेऊन रस्त्यावर रिक्षाला हात करत होते. धोतरासारखी वेष्टी वर खोचलेली. या वयात हे लाटांत उतरणार? मी अनवाणीच धावले.

"काका, कुठे निघालात?"

"समुद्रास. तूं आली नाहीस ना."

"टाकीला पाणी लागत नाही. तुम्ही ते मोरीत ओतता. मी पाहिलंय."

रिक्षा थांबली होती. काकांनी चालकाला तमिळमध्ये जायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी कॅन फाटकाशी ठेवले. मला एकदम रडू येईल की काय असं झालं.

"पाणी कोणास हवे होते, कण्णा," ते म्हणाले. "पाणी नको. तूं ये."