सातव्या मैलाची भाकरी

पोलादपूर सोडून महाबळेश्वरचा घाट चढायला लागलं की सातव्या मैलाच्या आसपास एक अवघड वळण लागतं. तिथल्या गटारात कधी पालापाचोळा साचलेला दिसायचा नाही. कठड्याचे दगड कायम चुना लावलेले, आणि डांबराला खड्डा पडला तर आठवड्याच्या आत बुजलेला. हे सगळं महिपतीचं काम. महिपती रस्त्याच्या खात्यात मैलकुली होता. सरकारनं मैलांचे दगड उपटून किलोमीटरचे लावले त्याला बरीच वर्षं झाली, पण किलोमीटरकुली काही कोणी झालं नाही. एस.टी.चे ड्रायव्हर त्या वळणावर गाडी हळू करायचे आणि पुढच्या बाकावरच्या माणसाला सांगायचे, "ह्याचा भाऊ हितंच दरडीखाली गेला. तरी माणूस मैल सोडत नाय बघा." प्रवासी खिडकीतून वाकून बघायचे. महिपती त्यांच्याकडे पाठ करून गटार उपसत राहायचा. लोकांना वाटायचं, बिचाऱ्याला अजून सोसवत नाही.

लोकांना काय, काहीही वाटतं. ज्या दिवशी दरड कोसळली त्या दिवशी महिपती घाटात नव्हताच.

ती १९७४ सालची गोष्ट. महिपती तेव्हा सव्वीसचा, धाकटा सदू एकोणीसचा, आणि दोघांच्या पाठची गोदू दहा वर्षांची. बाप आधीच गेलेला. आई ठमाबाई घाटाच्या पायथ्याच्या वाडीत चार वाफे भात आणि उतारावरची नाचणी करून घर ओढत होती. महिपतीला रस्त्यावर रोजंदारीचं काम लागलं तेव्हा तिनं देवापुढे नारळ फोडला होता.

आता महिपतीची हुशारी सांगायला हवी. तो चौथी शिकलेला, सही चांगली वाचता येईल अशी करायचा. पण पहिल्याच पगाराला त्यानं कागदावर अंगठा उठवला. सही केली की माणूस पकडला जातो, अंगठ्याकडे कोण बघतंय? एखाद्या दिवशी अंग मोडून आलं की सदूला पाठवायचं, आणि पगाराच्या दिवशी गरज पडली तर अंगठाही त्याचाच चालवायचा. भिकू मुकादमाला फावडी मोजायची सवय होती, तोंडं मोजायची नव्हती. टोळीतली बाकीची माणसं पलीकडच्या गावची, त्यांना काय त्याचं. सुरुवातीला महिपती तापाच्या दिवशी सदूला पाठवायचा. मग भजनाच्या दुसऱ्या दिवशी पाठवू लागला. शेवटच्या वर्षी तर महिन्यातले दहा-बारा दिवस घाटात सदूच असायचा.

सदू मॅट्रिक झालेला. अख्ख्या वाडीची मुंबईला जाणारी पत्रं तो लिहायचा, आणि अक्षर असं की मुंबईहून उलट चौकशी यायची, पत्र लिहिलं कोणी म्हणून. तो पोरगा भावाच्या नावापुढे शाईचा अंगठा लावून यायचा आणि हसायचा. "दादा, तुझ्यापायी मी अडाणी झालो रे," म्हणायचा. त्यात राग नसायचा. महिपतीला पुढं आयुष्यभर आठवत राहिलं ते हेच, की तो हसून म्हणायचा.

ठमाबाईला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती गोदूला घेऊन तांबडं फुटताच शेतावर जायची ती दिवेलागणीला परतायची. तिच्या हिशेबी थोरला कष्टाळू आणि धाकटा उंडगा. मॅट्रिक होऊन काय दिवे लावले, असं ती सदूला येता-जाता ऐकवायची. दोघं भाऊ एकमेकांकडे बघायचे आणि गप्प बसायचे. महिपतीनं एकदा जरी तोंड उघडलं असतं तर त्या पोराला आईच्या तोंडून एखादा गोड शब्द ऐकायला मिळाला असता. तेवढंही त्यानं केलं नाही.

आषाढ सरत आला होता, लावण्या चालू होत्या. श्रावणात देवळात सप्ताह बसायचा होता आणि वाडीचा पखवाज फाटला होता. पखवाज वाजवणारा महिपती, तेव्हा तो नीट करून आणायची हौसही त्याचीच. आदल्या दिवशीच त्यानं तो पोत्यात गुंडाळून देवळात ठेवला. सकाळी आईनं शेतावर निघताना चार भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी फडक्यात बांधली आणि सदूला बजावलं, "दुपारी दादाला न्हेऊन दी. नुस्ता हिंडू नको, तेवढं तरी काम कर." आई गेली. महिपती पखवाज घेऊन महाडच्या गाडीला गेला आणि सदू दादाचं इरलं डोक्यावर घेऊन, तीच भाकरी काखेत मारून, दादाच्या कामावर गेला.

महाडात महिपती कारागिरासमोर दुपारपर्यंत मांडी घालून बसला. नवी पुडी चढली, शाई घोटून झाली. त्यानं चार ठिकाणी बोटं मारून बघितली, पुन्हा वाद्या ओढायला लावल्या. शेवटी आवाज असा लागला की रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबली. महिपती खूश झाला. त्याच सुमाराला सातव्या मैलावर डोंगर खाली आला. टोळीतले तिघं पळाले, सदू वळणाच्या आतल्या बाजूला गटार मोकळं करत होता, त्याला पळायला वाट मिळाली नाही.

संध्याकाळी महिपती पोलादपूरच्या स्टँडवर उतरला तेव्हा भिकू मुकादम त्याचीच वाट बघत होता. त्यानं दंडाला धरून त्याला चहाच्या टपरीमागे नेलं.

"तू आज कामाव व्हतास," भिकू म्हणाला. "हजेरीला तुझं नाव हाय. सदू तुझी भाकरी घिऊन आला आन् दरड आली. इतकंच सांगायचं."

"सदू कुठं हाय?"

"आधी ऐक."

"मुकादम, सदू कुठं हाय?"

"काढलाय त्याला. ताडपत्रीखाली ठेवलाय." भिकूनं आवाज खाली आणला. "बदली माणूस लावला व्हता ह्ये वर कळलं तर तुझं काम जाईल, माझंबी जाईल. आन् सदूला फुटकी कवडी मिळायची नाय, त्याचं नावच कागदाव नाय. एक पोर गेला तुझ्या आयचा. दुसऱ्याचं कामबी गेलं तर ती खाईल काय?"

मग मुकादम खाली वाकला, रस्त्याकडेचा चिखल ओंजळीत घेतला आणि महिपतीच्या सदऱ्याला, धोतराला, केसांना फासू लागला. महिपती उभा राहिला. पाठ राहिली होती, ती त्यानं स्वतःच वळून मुकादमापुढे केली. पखवाज मागाहून गुपचूप देवळात पोचवायला मुकादमाकडे सोपवून तो घरी गेला.

वाडीत बातमी आधीच पोचली होती, पण अर्धी. ठमाबाईचा मुलगा गेला, एवढीच. घाटात असणारा मुलगा म्हणजे महिपती, म्हणून बाया त्याच्याच नावानं रडत होत्या. तो चिखलानं माखून दारात उभा राहिलेला बघून ठमाबाईनं हंबरडा फोडला आणि त्याला घट्ट मिठी मारली. "माझा महिपती आला गो! माझा पोर आला!" असं तिनं सगळ्यांना ओरडून सांगितलं. मग एकाएकी तिचे हात सैल पडले.

"सदू कुठं हाय रे? तुझी भाकरी घिऊन गेल्ता ना?"

महिपतीनं मान खाली घातली. ठमाबाई मटकन खाली बसली. "मीच धाडला त्याला," ती म्हणाली. "नको हिंडू म्हणून मीच धाडला."

पंचनाम्यातही तसंच लिहिलं गेलं, की मयत इसम भावास जेवण देण्यास आला असता दरड कोसळून जागीच मरण पावला.

त्यानंतर ठमाबाईनं फडक्यात भाकरी बांधली नाही. घरात भाजायची, ताटात वाढायची, पण गाठ मारायची नाही. महिपतीही कधी मागायला गेला नाही. दिवसभर फावडं मारून तो घाटातल्या टपरीवर दोन कप चहा प्यायचा आणि पोटाला फडकं आवळून घरी यायचा. पखवाज त्यानं पुन्हा मांडीवर घेतला नाही. दुसरं कोणी वाजवायचं आणि सप्ताहात तो देवळाबाहेर बसून ऐकायचा. आवाज खरोखरच सुरेख लागला होता.

आईला खरं सांगायचं, हे त्यानं पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं. पण आईच्या पोटात गोष्ट राहायची नाही, ती बाजारात आक्रोश करील आणि काम जाईल. म्हणून गोदूचं लग्न होऊ दे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. त्याच्या पगारावर घर चाललं, गोदू एक्याऐंशी साली तुडीलला चांगल्या घरात पडली. मग म्हणाला, नोकरीत कायम होऊ दे. त्यानं स्वतःचं लग्न केलं नाही, तेव्हा लोक म्हणाले, भावासाठी संसार टाकला हो. आणि रोज भात गिळताना ठमाबाई एकदा तरी म्हणायची, "मी धाडला नसता तर." महिपती खाली मान घालून जेवायचा. कामाची भीती होती, खोटं कशाला म्हणा. पण त्याहून मोठी भीती त्या मिठीची होती. चिखलानं माखलेला बघून आई त्याला बिलगली होती, आणि ते सारं परत करायची त्याच्यात हिंमत नव्हती.

शहाऐंशी साली त्याचा कायम झाल्याचा कागद आला. ठमाबाईनं तो सदूच्या मॅट्रिकच्या फोटोपुढे ठेवला, त्यावर एक पेढा ठेवला आणि फोटोला म्हणाली, "बघ रे सदू, दादा कायम झाला. जगला असतास तर तूबी कायतरी काम केलं असतंस."

महिपती तिथंच जमिनीवर बसला. त्यानं सगळं सांगून टाकलं. महाड, पखवाज, अंगठा, मुकादमानं फासलेला चिखल. "आये, तो भाकरी द्याया नव्हता गेला. माझ्या जागी कामाव गेला व्हता. तू नाय धाडलास, मी धाडला."

ठमाबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"गप रे," ती म्हणाली. "म्हातारीचं मन राखाया किती खोटं बोलशील? मॅट्रिक झालेला माझा पोर अंगठा कशाला उठवील? त्याला सही येत व्हती की. आन् तू आलास तवा ह्या दारात चिखलानं भरला व्हतास, मी ह्या हातानं पुसला तुला."

"आये, शप्पत घेतो."

"माझ्यासाठी खोटी शप्पत नको घिऊ."

तो उठून तडक भिकू मुकादमाकडे गेला. भिकू ओट्यावर बसून पेन्शन खात होता. "बारा वर्सं झाली," तो म्हणाला. "मला नाय काय आठवत. कागदाव काय हाय ते खरं." हजेरीचे जुने कागद कधीच वाळवीनं खाल्ले होते. त्या कागदांवरचे ते निळे अंगठे, सदूनं काम केल्याची जगातली तेवढीच खूण होती.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ठमाबाईनं बायांना सांगितलं, की माझ्या महिपतीनं आईचं दुःख हलकं व्हावं म्हणून भावाचं मरण स्वतःच्या माथ्यावर घेतलं. असा पोर मिळाया नशीब लागतं, असं बाया म्हणाल्या. एकीनं तर डोळ्याला पदर लावला.

तिसऱ्या दिवशी महिपती कामाला निघाला तेव्हा ठमाबाई चुलीपुढून उठली. तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती, घट्ट गाठ मारलेली. "घे," ती म्हणाली. "बारा वर्सं तुला उपाशी धाडला. तुझ्यासारख्याला उपाशी धाडू नये."

दुपारी वळणावरच्या चुना लावलेल्या दगडावर बसून त्यानं गाठ सोडली. चार भाकऱ्या, मध्ये सुक्या जवळ्याची चटणी. समोरून आलेली एस.टी. हळू झाली, ड्रायव्हरनं नेहमीप्रमाणे बोट दाखवलं आणि माणसं खिडकीतून वाकली. महिपतीला फार भूक लागली होती. त्यानं चारही भाकऱ्या खाल्ल्या.