कसरमामांची शेवटची मोजणी

संग्रहालयात त्यांना सगळे कसरमामा म्हणायचे, कारण लोकरीच्या कपड्यांना लागणारी कसर बावीस वर्षं तेच मोजत होते. दालनादालनांत पुठ्ठ्याचे सापळे ठेवायचे, आत चिकट कागद आणि त्यावर मादीच्या वासाची गोळी. कसरीचे नर पतंग लग्नाच्या घाईत येणार आणि चिकटून बसणार. दर सोमवारी ते मोजून आकडा नकाशावर लिहायचा. जिथे आकडा चढला तिथे कसर माजली, हे ओळखायचं.

गोळी चिमट्याने धरावी असा नियम होता. मामा हातानेच धरायचे, आणि वास बाहीला लागायचा. त्यामुळे घरी कपाट उघडलं की चार-दोन पतंग थेट त्यांच्या बाहीवर.

"माझं नशीब बघा," मामी शेजारणीला सांगायची, "ह्यांच्यामागे लागतंय कोण, तर नर!"

मामांचा जीव तिसऱ्या दालनातल्या सेनापतीच्या लोकरी कोटात अडकलेला. यंदा तिथले आकडे चढू लागले. चार, नऊ, सतरा. आणि पलीकडे संचालकसाहेबांच्या केबिनच्या दाराशी तर एकतीस. आत साहेबांचा लाडका, भेट मिळालेला गालिचा होता.

"साहेब, एकदा गालिचा उचलून बघू या."

"मामा, तुमचे सापळेच किडे बोलावतात. काढून टाका ते."

काय डोकं! थर्मामीटर फेकला की ताप गेलाच. सापळे गेले, आकडा शून्यावर आला, आणि साहेबांनी वरच्या कार्यालयाला 'कीडमुक्त संग्रहालय' असा अहवाल धाडला. निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. कोटासमोरून जाताना मामांना रडू यायचं.

निरोपसमारंभ साहेबांच्या केबिनमध्येच ठेवला. वरच्या कार्यालयातल्या बाई पाहुण्या होत्या. मामा उरलेल्या गोळ्या आवरून तसेच आले आणि गालिच्यावर उभे राहिले. साहेब शून्याचं कौतुक करण्यात रंगले, तेवढ्यात एक पिवळट पतंग मामांच्या बाहीवर बसला. मग दुसरा. मग कॉलरवर, टकलावर. साहेबांचं भाषण अडखळलं.

मामांनी सवयीने पेन्सिल काढली.

"चौदा," ते म्हणाले. "हे सगळे नर, बाई. माद्या आपल्या पायाखाली आहेत."

बाईंनी स्वतः वाकून गालिच्याचा कोपरा उचलला आणि लगेच सोडला. संध्याकाळपर्यंत गालिचा बाहेर गेला, कोट तपासणीच्या टेबलावर आला. नव्या अहवालात लिहिलं गेलं की साहेबांच्या दक्षतेमुळे कीड वेळीच सापडली.

मामांनी तो वाचलाच नाही. ते कोटाची भोकं मोजत होते.

"दोनच," ते म्हणाले, आणि ढसाढसा रडले.