स्टँडखालचा चिरा

मोटरसायकल घेतली डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी आणि फिरवली डांबरी रस्त्यावरच. शेवटी तिची तारांची उंच चाकं काढून मी लहान, रुंद अलॉय चाकं बसवून घेतली आणि नसता घोर लावून घेतला. पूर्णगडच्या वळणांवर ब्रेक दगा देईल, नट सुटतील, असं वाटून सारखा थांबत होतो. काहीही झालं नाही.

घरी आई हळदकुंकू घेऊन उभीच. तिच्या लेखी नवी चाकं म्हणजे नवी गाडी. अंगणातल्या ओल्या मातीत स्टँड रुततो, म्हणून त्याखाली चिऱ्याचा तुकडा सरकवायची माझी सवय. तसाच सरकवला. आई पलीकडून वाकून पुढच्या चाकाला कुंकू लावू लागली, तेव्हा माझी ट्यूब पेटली. लहान चाकांमुळे गाडी खाली बसली होती, स्टँड मात्र पूर्वीएवढाच लांब, त्यात खाली हा चिरा! एरवी स्टँडच्या बाजूला झुकणारी गाडी आता जेमतेम सरळ उभी होती. गाडी हळूहळू आईच्या अंगावर कलायला लागली. मी झडप घालून हँडल धरलं.

"आई, बाजूला हो!"

तिने मानही वर केली नाही. "गाडी हलवू नको मेल्या, मागचं चाक राहिलंय अजून."