शेवग्याचा पाला आणि बोअरचं पाणी

राजपुऱ्यातला शालिग्राम अठ्ठावीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचा धूत होता. हलकं काम म्हणाल तर म्हणा. पण त्यानं धुतलेला फ्लास्क उजेडाकडे धरून एक डाग शोधून दाखवा! जुने प्राध्यापक त्याला विचारल्याशिवाय प्रयोगाला हात घालत नसत. मग भारती मॅडम आल्या आणि शालिग्रामच्या पोटात दुखायला लागलं.

मॅडमना झाडपाल्याच्या काढ्यानं चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवायचे होते. असे कण रंगकारखान्याच्या सांडपाण्यातला रंग मोडायला कामी येतात. कडुनिंब झाला, सीताफळ झालं, मनासारखं जमेना. “आमच्या दारचा शेवगा पाहा ना,” हे शालिग्रामच बोलला. पिशवीभर पाला त्यानंच आणला. आणि जमलं! कारखान्याचं जांभळं सांडपाणी बघता बघता नितळ झालं.

पेपरात फोटो आला. त्यात मॅडम अख्ख्या, आणि फ्लास्क धरलेला शालिग्राम नुसता कोपरापर्यंत. घरी त्यानं बायकोला, सिंधूला, बोट ठेवून तो हात दाखवला.

“पन नाव कुठे हाय तुमचं?” तिनं विचारलं.

त्या दिवसापासून त्याला मॅडमचं हसणंसुद्धा सोसेना. शेवगा माझा, काचा माझ्या, आणि हार हिच्या गळ्यात! जळत होता नुसता.

लोधीपुऱ्याचे रंगकारखानदार प्रयोग पाहायला येणार होते. त्या सकाळी त्यानं सगळे फ्लास्क नेहमीसारखे डिस्टिल्ड पाण्यानं विसळले. एक सोडून. तो बोअरच्या खाऱ्या पाण्यानं विसळला आणि न निथळू देताच मॅडमपुढे मांडला. खाऱ्या पाण्यात चांदीचं द्रावण नासतं, हे इतक्या वर्षांत त्याला पाठ झालं होतं.

मॅडमनी फ्लास्कमध्ये काढा घेतला, वरून चांदीचं द्रावण सोडलं. चहासारखा रंग यायचा, तो आलाच नाही. वर आला पांढरा गढूळपणा.

“मॅडम, ये तो उलटा गंदा हो गया,” कारखानदारांतले नंदकुमारशेठ हसले. बाकीचेही हसले. कोपऱ्यात उभ्या शालिग्रामला गारगार वाटलं.

“फ्लास्कच नीट धुतला नसेल,” शेठ म्हणाले.

“नाही हो,” मॅडमचा चेहरा उतरला होता, तरी त्या ठाम बोलल्या. “तो आमच्या शालिग्रामभाऊंनी धुतलाय. त्यांच्या काचेत खोट निघायची नाही. शेवगाही त्यांनीच सुचवला, नाहीतर हे कामच झालं नसतं. काढा मीच बिघडवला असणार.”

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. “अच्छा, तुमीच का ते?” शेठ उठून हात जोडत म्हणाले.

अठ्ठावीस वर्षांत त्याचं नाव चारचौघांत असं कुणी घेतलं नव्हतं. गप्प राहिला असता तर ते त्याचंच राहिलं असतं. शालिग्रामनं घसा खाकरला.

“मॅडम, काढा बरोबर हाय तुमचा. फ्लास्क मी बोअरच्या पाण्यानं विसळला. जानूनबुजून.”