झुंबरबाईचा उपाय

उखर्डू हे नाव काही हौसेने ठेवलेलं नव्हतं. आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली, म्हणून हा जन्मला तसा आईने, झुंबरबाईने, याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला आणि परत उचलला. टाकून दिलेल्या पोराकडे मरण कशाला बघतंय! पोरगा जगला, चांगला दांडगा झाला, भुसावळला रेल्वेत खलाशी म्हणून लागला. झुंबरबाई हे गावभर सांगत सुटायची. आणि का सांगू नये?

मामाची मुलगी तानुबाई त्याची बायको झाली. पहिला मुलगा चार महिन्यांत खोकून खोकून गेला. दुसरा झाला तेव्हा झुंबरबाई धुळ्याकडच्या गावाहून सूप घेऊनच आली आणि नातवाला तिने स्वतःच्या हाताने उकिरड्यावर ठेवलं. तोही आजारी पडला आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात दगावला.

तिथल्या डॉक्टरांनी उखर्डूला एकट्याला बसवून समजावलं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे तयार होतात. त्यांच्यात साचणारं विष काढायला एक एन्झाइम लागतं. बाळाच्या अंगात ते नव्हतंच, म्हणून पेशी तयार होण्याआधीच मरत होत्या. नवराबायको नात्यातले, दोघांच्याही रक्तात हा दोष लपलेला. पुढच्या मुलालाही तो होऊ शकतो.

"उकिरड्यावर ठेवलं, त्याने गेला का?" उखर्डूने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "दोष जन्माचाच. वाचणं अवघडच होतं. पण अशा बाळाला साधी धूळही सोसत नाही."

हा 'पण' उखर्डूने कुणालाच सांगितला नाही. तानुबाईलासुद्धा नाही.

एकोणनव्वद साली तिसरा मुलगा झाला. त्याचं रक्त मुंबईला गेलं. निकाल येईपर्यंत तानुबाईशिवाय बाळाला कुणी हात लावायचा नव्हता. झुंबरबाई सूप घेऊन आली, तर उखर्डू दारातच आडवा उभा राहिला.

"तुले मी उकिरडावर टाकं म्हणीसन तू जगना. आते माले शिकाडस का?"

खरं कारण त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते ऐकून ही म्हातारी जगली असती का? तो दारातून हलला नाही. ती पाणीही न पिता परत गेली. आईला दारातून घालवलं म्हणून शेजाऱ्यांनीही बोलणं टाकलं. भरल्या चाळीत उखर्डू अगदी एकटा पडला.

निकाल आला. एन्झाइम होतं, पेशीही होत्या. बाळ ठणठणीत होतं. तानुबाई हसता हसता रडली. उखर्डूला मात्र आईची फार आठवण झाली.

तो बायको-मुलाला घेऊन गावी गेला. झुंबरबाई ओट्यावर बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"मी परत गऊ, मंग टाकं व्हतं का पोरले उकिरडावर?" तिने विचारलं.

तानुबाई चमकून नवऱ्याकडे बघायला लागली.

"हा माय. दुसरा दिन टाकं. म्हणीसन वाचनं."

झुंबरबाईचा चेहरा उजळला. तिने नातवाला मांडीवर घेतलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग तिचा हात थांबला.

"मंग मधला का गया रे? मी ठेवं, त्यामा काही चुकनं का मनं?"

"नही माय," उखर्डू म्हणाला. "तुनं काहीच चुकनं नही."