कवडूभाऊंनी पाडलेला भाव

पांढुर्ण्यात संत्र्याच्या बगीच्याचा सौदा करावा तर कवडूभाऊंनीच. झाडावरचा माल पाहायचा, नाक मुरडायचं, आपला भाव सांगायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचं. बांध ओलांडायच्या आत मालकाची हाक येतेच. पिकलेलं फळ झाडावर फार दिवस थांबत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. या एका विद्येवर भाऊंनी घर बांधलं, मुलीचं लग्न केलं आणि यंदा मार्चमध्ये मृग बहराची संत्री विकली गेल्यावर नवी गाडी घ्यायला निघाले.

गाडी हवी होती ती त्यांच्या बायकोला, प्रेमलताबाईंना. पन्नाशी उलटल्यावर बाई गाडी शिकल्या होत्या. क्लच सोडला की गाडी उडी मारायची आणि शिकवणारा देवाचं नाव घ्यायचा, तरी शिकल्या. तिकडे माहेरी, रामाकोन्याला त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. म्हातारीनं लेकीचा हात धरून एकच मागितलं होतं, "मले तुह्या गाडीत बसव. तू चालव. गावाले पाहू दे."

शोरूममध्ये अंकुश नावाच्या विक्रेत्यानं गिअरवाली पांढरी गाडी दाखवली. प्रेमलताबाई आत बसल्या, गिअर टाकून पाहिले आणि उतरायचं नाव घेईनात. भाऊंनी मात्र सवयीनं नाक मुरडलं.

"वीस हजार कमी कर. अन् सीट कव्हर फुकट."

"काका, दहाच्या वर नाही होत."

भाऊ उठले, पाठ फिरवली आणि गेटपर्यंत सावकाश चालत गेले. हाक आली नाही. मागे वळून पाहिलं तर अंकुश दुसऱ्या गिऱ्हाइकाला चहा देत होता.

"घेऊन टाका ना," प्रेमलताबाई रस्त्यात म्हणाल्या. "आई वाट पाहून राहिली."

"थांब आठ दिवस. त्याचाच फोन येते, पाह्य तू."

गाडी म्हणजे संत्रं नव्हे, ती शोरूममध्ये उभी राहून सडत नाही, हे एवढ्या हुशार माणसाच्या ध्यानात कसं आलं नाही, देव जाणे. आठ दिवसांनी भाऊ स्वतःच गेले आणि पुन्हा पाठ फिरवून आले. त्यानंतर प्रेमलताबाईंनी विषय काढणं सोडलं.

महिना संपता संपता म्हातारी गेली. माती आटोपून मंडळी घाटावरून परतत होती, तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला.

"काका, मार्चअखेर आहे, तुमचा भाव मंजूर. सीट कव्हरही देतो."

आणि भाऊंना क्षणभर बरं वाटलं. सौदा जिंकल्यावर वाटतं तसं, अगदी तसंच. मग पुढे चाललेल्या बायकोची पाठ दिसली आणि स्वतःची इतकी किळस आली की ते रस्त्याच्या कडेला मटकन बसले.

तेरवीला जाताना त्याच भावात घेतलेली नवी गाडी प्रेमलताबाईंनीच चालवली. भाऊ शेजारच्या सीटचं दार उघडायला गेले, तर बाई म्हणाल्या, "तिथं नाई. ते आईची जागा. मांगं बसा."

रामाकोन्यात मांडवाशी धाकटा मेहुणा श्रावण समोर आला. गाडीवर हात फिरवत त्यानं विचारलं, "भाऊजी, कितीत जमवली?"

एरवी भाऊंनी हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला असता. आज ते मान खाली घालून मांडवाकडे वळले.

"सांगा ना," प्रेमलताबाई दार लावत शांतपणे म्हणाल्या. "दहा हजार जास्तीचे वाचवले म्हणा."

आणि भरल्या मांडवात कवडूभाऊ लहान पोरासारखे रडू लागले.